नात्याचा रकाना

काळ्या मखमलीच्या फळीवर विंचरून ठेवलेला तो कापसाचा पुंजका एक इंच आणि तीन अष्टमांश भरला. मी पुन्हा मोजला, तेवढाच. आमच्या परतूरच्या कापसाचा तंतू सात अष्टमांशाच्या पुढे जात नाही. या अर्ध्या इंचाच्या फरकासाठी बालकिशन शेठजींचा धाकटा मुलगा शिवनारायण चार वर्षांपूर्वी इजिप्तला, अलेक्झांड्रिया बंदरात, कापसाची प्रतवारी शिकायला गेला होता. प्रत्येक पत्रात तो एक पुंजका पाठवी. मी शाळेत विज्ञान शिकवते. शाळेचा एकुलता एक सूक्ष्मदर्शक वापरायला तो यायचा, एवढीच आमची ओळख, असं मी आईला सांगत आले होते.

"एवढ्याशा ओळखीला चार वर्सं पोस्टाची तिकिटं लागत न्हाईत," आई म्हणायची.

खरं तर तीन वर्षांपूर्वी एका पत्रात त्याने सरळ विचारलं होतं, 'परत आल्यावर माझ्याशी लग्न कराल का?' तो मारवाडी, आम्ही शेतकरी मराठे. मी उत्तरात तंतूची लांबी कळवली आणि खाली लिहिलं, 'विचार करते आहे.' त्याने पुन्हा विचारलं नाही. मीही विचार थांबवला नाही. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये, असं मी मुलींना शिकवते. माझ्याकडे आता एकोणतीस नमुने जमले होते.

एकोणतिसावा येऊन आठवडा झाला नाही तोच तिकडे बॉम्ब पडू लागले. ती छप्पन्न सालची दिवाळी. शेठजींच्या सरकी काढायच्या जिनिंगमध्ये लक्ष्मीपूजनाच्या चौरंगाशेजारी रेडिओ मांडला होता, आणि आरतीपेक्षा बातम्यांना गर्दी जास्त होती. आपलं सरकार तिकडच्या भारतीयांना बाहेर काढणार, असं कळलं. सुएझचा कालवा बंद, म्हणून ट्रकने दक्षिणेला नेऊन तांबड्या समुद्रात जहाजावर चढवणार. शेठजी स्टेशनपर्यंत सांगत सुटले, "सरकार माझ्या पोराला आणून राह्यलंय."

मंगळवारी दुपारी तहसील कचेरीचा शिपाई कचरू आमच्या ओसरीवर आला. आईने पुढे केलेल्या चकल्यांपैकी तीन संपवून मग त्याने निरोप सांगितला.

"बाई, पेशकारसायबांनी जल्दी बोलावलंय. मिसर देशाहून तुमच्या नावाची तार आल्ती."

"माझ्या?"

"शेठजी बी तिथंच बसलेत. लय तापलेत."

कचेरीत तहसीलदारांच्या हाताखालचे भुजंगराव पेशकार जुने कागद समोर घेऊन बसले होते. आमचा मुलूख हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात जाऊन जेमतेम पाच दिवस झाले होते. प्रत्येक कागदावरच्या 'हैदराबाद'वर त्यांनी पट्टीने सरळ काट मारून शेजारी 'मुंबई' लिहिलं होतं. बाकावर शेठजी पगडी मांडीवर घेऊन बसले होते.

"या बाई," भुजंगराव म्हणाले. "वकिलातीनं माणसांची यादी केली, ती दिल्लीहून मुंबईला, मुंबईहून परभणीला, अन् तिथून इथं. ऐका. शिवनारायण बालकिशन. भारतातील नातेवाईक: उषाबाई रामराव, परतूर. नाते." ते थांबले. "पुढं काहीच न्हाई."

"माझी जिनिंग मनमाडापासून सिकंदराबादपर्यंत म्हाईत हाय," शेठजी छताकडे बघून म्हणाले. "अन् पोरगं नाव देतं मास्तरीणबाईचं."

"शेठजी, सबुरीनं घ्या. बाई, चारच्या आत परभणीला उलट तार करायची हाय. कागद पुरा झाला तर या जहाजात. न्हाई तर दुसऱ्या यादीत, अन् दुसरं जहाज निघंल का न्हाई, कोण सांगावं. तर नातं काय लिहू?"

मी यादीचा कागद माझ्याकडे वळवून पुन्हा वाचला.

"मानलेली बहीण चालंल," दारातून कचरू म्हणाला.

"राखी बांधली व्हती का?" भुजंगरावांनी गंभीरपणे विचारलं.

"नाही."

"मंग न्हाई चालत."

शेठजी पुढे सरकले. "कशाला येवढा खटाटोप? बाईंनी लिहून द्यावं, माझे काही नाते नाही. मंग तुम्ही माझं नाव टाका. बाप हाय मी त्याचा. तसं बी जालन्याला सोयरीक बोलून ठिवली हाय. आला की वैशाखात लगीन."

"बिलकुल सोपं," भुजंगरावांनी कागद आणि टाक माझ्यापुढे ठेवला.

फक्त चार शब्द होते. मी टाक दौतीत बुडवला.

"विसरला असंल रकाना," शेठजी जरा मऊ आवाजात म्हणाले. "वरून बॉम्ब पडताना कुणाला सुचतं?"

तिथे माझा हात थांबला. त्याच्या प्रत्येक पुंजक्याबरोबर एक चिठ्ठी असे: लांबी, रंग, कचरा. कचरा मुळीच नसला तरी तो रकाना रिकामा सोडत नसे. 'शून्य' लिहून खाली बारीक रेघ मारी. एकोणतीस चिठ्ठ्यांत एकही जागा कोरी नव्हती. ज्याचं उत्तर त्याला ठाऊक नाही, तेवढीच एक जागा त्याने कोरी सोडली होती.

मी टाक खाली ठेवला.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते. कचरू तारघराकडे पळण्यासाठी धोतर खोचून उभा होता. शेठजींनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मांडीवरच्या पगडीचा सुटलेला पीळ बोटाने आत सारू लागले. तो बसेना.

"बाई," ते अगदी हळू म्हणाले, "काय बी लिवा. पण चारच्या आत लिवा. त्याच्या मायनं तीन दिवस अन्न घेतलं न्हाई. पोरगं तिथंच राह्यलं तर सोयरीक घेऊन मी काय करू?"

"मी जे सांगेन ते तुम्हाला पसंत पडणार नाही, शेठजी."

"पोरगं जहाजात बसंल ना?"

"बसेल."

"मंग सांगा."

"नंतर त्यावर काट मारायची नाही."

"सरकारी कागदावर कोण काट मारतं?" शेठजी म्हणाले, आणि आम्ही तिघांनीही टेबलावरच्या त्या सगळ्या खोडलेल्या हैदराबादांकडे पाहिलं. भुजंगरावांनी खोकून हात त्या कागदांवर ठेवला.

"सांगा बाई. शब्द कमी असू द्या, तार हाय."

नुसतं 'पत्नी' म्हटलं असतं तर एकच शब्द झाला असता. पण ते अजून खरं नव्हतं.

"दोन शब्द लिहा," मी म्हणाले. "होणारी पत्नी."