अनुराधा बसून राहते

रशिया, अर्धी

एक होता आळशी. त्याची गोष्ट पुढे न्यायची तर आधी त्याला उठवायला हवं होतं, आणि तिथंच गाडी अडली.

"मग?" अनुराधानं विचारलं.

"मग काय? झोपलाय तो. चुलीवर." श्रीकांतनं हातातलं कार्ड उलटं केलं. "त्यांच्या चुली आपल्या दिवाणाएवढ्या असतात."

"चुलीवर हा झोपणार, तर स्वयंपाक कुठं होणार?"

"वहिन्या बघतात."

"वाटलंच मला."

एवढ्यात दारावरची बेल वाजली. अनुराधाचे दोन्ही हात सवयीनं खुर्चीच्या दांड्यांवर गेले. "बसा तुम्ही, मी बघते."

"खबरदार!" म्हणत श्रीकांत उठला.

रशियातला आळशी झोपलेलाच राहिला.

गोष्ट का मोडली, त्याची गोष्ट

अनुराधाला नवा खुबा बसवून नऊच दिवस झाले होते, तेव्हाची गोष्ट. लंडनमधल्या एजवेअरच्या घरात, स्वयंपाकघरात ओट्याखाली वॉशिंग मशीन, त्याचं तोंड गुडघ्याच्या उंचीला. ते वाजलं. 'दोन मिनिटांचं तर काम' म्हणून ती कपडे काढायला वाकली आणि खुबा निखळला. पुन्हा ॲम्ब्युलन्स, पुन्हा भूल. सर्जन तिच्या निम्म्या वयाचा, तो म्हणाला, "डॉक्टर, तुम्हाला मी काय सांगायचं? सहा आठवडे अजिबात वाकायचं नाही. परत निखळला तर उघडावा लागेल."

चौतीस वर्षं भूल देण्यात गेलेल्या बाईला खरंच काय सांगायचं? दुसऱ्यांदा उघडलेले सांधे तिनं टेबलावर पाहिले होते. ती वेळ स्वतःवर येऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

आणि हेच तिला जमत नव्हतं. बसणं.

महिनाभर लेकीनं, तनयानं, रजा काढून पहारा दिला. रविवारी ती ब्रिस्टलला परतली आणि उरलेले बारा दिवस आले श्रीकांतच्या वाट्याला. चाळीस वर्षांच्या संसारात पाण्याचा ग्लाससुद्धा ज्याच्याकडे चालत यायचा, तो हा माणूस. वाचनालयातून निवृत्त झाल्यापासून तो जगभरच्या आळशांच्या गोष्टी कार्डांवर उतरवून बुटांच्या खोक्यात साठवत होता. पुस्तक लिहायचं होतं. का लिहून झालं नव्हतं, ते सांगायला नको.

तनया फोनच्या पडद्यावर रोज हजर. "आई, तू बसली आहेस का? खरा सांग."

"बसलेय गं बाई."

"मम, आय मीन इट. बाबा, तिला बिझी ठेव. तुझा खोका वाचून दाखव. ती उठला तर मला लगेच टेक्स्ट कर."

"ती उठली," श्रीकांत म्हणाला.

"ओ माय गॉड, उठली?"

"नाही गं, व्याकरण."

जपान, पाऊण

एक मुलगा तीन वर्षं झोपला. गाव चिडलं. शेतं करपली, लोक पाण्यासाठी वणवण फिरायला लागले, तरी हा घोरतोय. मग एक दिवस उठला, डोंगरावर गेला आणि एक धोंडा असा ढकलला, की नदी अडली आणि पाणी वळलं ते थेट शेतात.

"म्हणजे तीन वर्षं विचार करत होता?"

"गाववाले तसं म्हणतात. मला विचारशील तर झोपला होता."

अनुराधा हसली. मग थांबली. "त्याच्या आईनं तीन वर्षं ताट वाढलं असणार. ते कुठाय कार्डावर?"

श्रीकांतनं खिशातून पेन काढलं आणि कोपऱ्यात लिहिलं: ताट, आई, तीन वर्षं.

"अहो, आणि तुमच्या खोक्यात आळशी बाई नाही का एकही?"

त्यानं बोटांनी कार्डं चाळली. "जर्मनीत आहे एक. सूत कातायचा कंटाळा. शेवटी राजाशी लग्न होतं आणि ती कायमची सुटते."

"लग्न झाल्यावर सुटते?" अनुराधाला ठसका लागला. तो पाणी आणायला उठला. पाणी घेऊन चालत आला!

तुर्कस्तान, अर्धी

"सुलतान म्हणाला, राज्यातल्या आळशांना मी फुकट जेवू घालीन. झालं! दुसऱ्या दिवशी हजार माणसं. आता त्यातले खरे आळशी ओळखायचे कसे? वजीर म्हणाला, सगळ्यांना एका झोपडीत निजवा आणि झोपडी पेटवा. पेटवली. सगळे पळाले. आत राहिले दोघे. ज्वाळा आढ्याला लागल्या, तेव्हा पहिला दुसऱ्याला म्हणाला..."

कुकरची शिट्टी. श्रीकांत धावला.

"तीन झाल्या की बंद करा हो!"

"माहितेय!"

माहीत नव्हतं. पाचवी झाल्यावर वरणाचा वास घरभर पसरला. मग डबा सापडेना, मग झाकण, आणि गोष्ट राहिली ती राहिलीच. पुढचे आठ दिवस अनुराधानं रोज विचारलं, "काय म्हणाला पहिला?" आणि रोज काहीतरी शिजत, वाजत किंवा उतू जात होतं.

गंमत अशी, की त्या दोघांना आगीत सोडून उठायला तिला नको वाटायचं.

तुर्कस्तान, उरलेली

गुरुवार. उद्या सकाळी तपासणी. जेवणं झाली, भांडी झाली, चादरी मशीनमध्ये फिरत होत्या. बारा दिवसांत श्रीकांतचं पोट आत गेलं होतं.

"चल, आज संपवतोच. तर झोपडी पेटली आहे. पहिला म्हणाला..."

अनुराधा वाट बघत राहिली. श्रीकांतची हनुवटी छातीवर टेकली, कार्ड हातातून निसटून गालिच्यावर पालथं पडलं.

मशीन वाजलं.

सहा वेळा. मग गप्प. मग पुन्हा सहा वेळा. बाहेर ऊन पडलेलं, दोरी रिकामी. एजवेअरला ऑक्टोबरातलं ऊन म्हणजे काय चीज, ते तिथं कपडे वाळवणाऱ्यालाच ठाऊक. ओल्या चादरी, बंद दार. तासाभरात कुबट वास. तिचे हात दांड्यांवर गेले. कुबड्या शेजारीच. अकरा पावलं. फार वाकायचं नाही, लांब दांड्याच्या चिमट्यानं एकेक चादर ओढायची, दोन मिनिटांचं तर...

दोन मिनिटांचं. हात दांड्यांवरच थांबले.

मग तिनं खुर्चीला टांगलेला तो चिमटा उचलला आणि पाठ न वाकवता कार्डाशी झटापट सुरू केली. तीनदा निसटलं. चौथ्यांदा मांडीवर आलं. श्रीकांतचं किरटं अक्षर:

*पहिला म्हणाला, "आग लागली रे." दुसरा म्हणाला, "बोलायचा कंटाळा नाही येत तुला?"*

मशीन पुन्हा वाजायला लागलं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "मशीन वाजतंय."

श्रीकांतनं डोळे उघडले नाहीत. "बोलायचा कंटाळा नाही येत तुला?"

अनुराधा हसली, हसता हसता दांडे घट्ट धरून, पाय सरळ ठेवून हसली. ऊन दोरीवरून सरकून कुंपणावर गेलं. दोघांपैकी कुणी उठलं नाही.

चादरी पुन्हा धुवाव्या लागल्या. पण ते शुक्रवारी, दवाखान्यातून आल्यावर. आणि खुबा जिथल्या तिथं होता.