नवसात सोडलेला खेकडा

शरदातला पश्चिमेचा वारा सुटून वीस दिवस झाले, दारातल्या शेवंतीच्या कळ्या उमलून गेल्या, तरी हानशंगने खेकड्याचं नाव काढलं नव्हतं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात युएचिनने असं कधी पाहिलं नव्हतं. एरवी पहिला गार वारा अंगाला लागला, की हा माणूस सरोवराच्या काठाने एक फेरी मारून यायचा आणि "यंदा पाणी चांगलं आहे" एवढंच म्हणायचा. तेवढ्यावर ती आलं किसायला घ्यायची.

हानशंग नावा दुरुस्त करणारा सुतार. फळीला जितके खिळे लागतील तितकेच ठोकायचे, तसंच त्याचं बोलणं. पण समोर उकडलेला खेकडा आला की त्याची जीभ मोकळी व्हायची. खेकडा काही घाईने खाता येत नाही. एकेक पाय मोडायचा, त्याच्या बारीक टोकाने जाड भागातलं मांस ढकलून बाहेर काढायचं, आलं घातलेल्या काळ्या व्हिनेगरात बुडवायचं, मध्येच भाताच्या कोमट दारूचा घोट घ्यायचा. दोन माणसं आणि चार खेकडे म्हणजे अडीच तास सहज जायचे, आणि वर्षभराचं मनात साठलेलं त्या अडीच तासांत बाहेर यायचं. थोरल्या भावाशी त्याचं का बिनसलं, पहिलं मूल गेलं तेव्हा तो कुठे जाऊन रडला, हे सगळं तिला खेकड्याच्या ताटावरच कळलं होतं.

ती स्वतः चहाच्या डोंगरातली. लग्नानंतरच्या पहिल्या शरदात सासरच्यांनी तिच्यापुढे खेकडा ठेवला, तर तिने आख्खा पाय कवचासकट दाताखाली घेतला आणि कडाकडा चावला. सासूबाई म्हणाल्या होत्या, "सून आणली की बकरी?" सगळे हसले. हानशंग हसला नाही. त्याने आपल्या ताटातला एक पाय उचलला, तिला दिसेल असा धरला आणि हळूच मोडून दाखवला. सोलून दिला नाही, नुसता दाखवला. दुसऱ्याने सोललेला खेकडा हा लेकराचा नाहीतर आजाऱ्याचा घास, असं त्या काठावरची माणसं मानतात. स्वतःच्या बोटांनी काढावा तेव्हाच तो गोड लागतो. दोन-तीन वर्षांत ती त्याच्याही पुढे गेली. मादीच्या पाठीतला केशरी गाभा जिभेवर ठेवला की तिचे डोळे आपोआप मिटायचे.

गेल्या थंडीत हानशंगला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात कायमचा थरथरू लागला. दवाखान्याच्या व्हरांड्यात उभ्याउभ्या युएचिनने कुआनयिन देवीला हात जोडले होते : यांना उठव, मी जन्मभर खेकडा तोंडात घालणार नाही. रोजची उदबत्ती, अमावास्या-पौर्णिमेचं शाकाहारी जेवण हे तिचं चालूच होतं, त्यात देण्यासारखं नवं काही नव्हतं. द्यायचं तर आवडतं द्यावं, नाहीतर ती देवाची थट्टा. हानशंग उठला. तिने ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. नवसाची दवंडी पिटायची नसते.

पंचांगातला दहावा महिना लागला. या महिन्यात नर खेकडे गाभ्याने भरतात. मुलगी मेइवन शहरात असते, तिने गवताच्या दोरीने बांधलेले चार नर पाठवले आणि फोनवर हानशंगला म्हणाली, की रविवारी येऊन मी तुम्हाला सोलून देते. हानशंगने फोन खाली ठेवला.

"मला आता त्याची चव राहिली नाही," तो म्हणाला. "तू खा."

"मला नकोत."

"तुला?" तो हसला, पण ते हसू बरं नव्हतं. "गेल्या वर्षी अंगात ताप असताना तीन खाल्लेस. माझा हात हलतो म्हणून तू उपाशी राहणार. अगं, माझ्या ताटात दया नको वाढूस."

ती आलं किसता किसता थांबली. आता गप्प राहिलं तर हे असंच दर शरदात होत राहणार, हे तिला स्पष्ट दिसलं. नवस मोडणं तिला जमणारं नव्हतं. राहिलं सांगणं. तिने खाली मान घालून व्हरांड्यातलं सगळं सांगितलं.

हानशंगने बांधलेल्या खेकड्यांकडे पाहिलं. त्यांच्या तोंडाशी बारीक फेस येत होता.

"मला विचारायचं तरी," तो म्हणाला. "माझ्यासाठी कारलं सोडलं असतंस तरी पुरलं असतं."

"देवीला कळलं असतं. मी कारलं खातच नाही."

त्याने डाव्या हाताने एक खेकडा दोरीला धरून तिच्यापुढे केला. मग म्हणाला, "पाणी ठेव. एवढं देऊन बसलीस, आणि मी तोंड फिरवून बसलो तर तुझं दिलेलं वाया."

तिने खेकडे पोटं वर करून वाफेवर ठेवले, म्हणजे गाभा वाहून जात नाही. झाकण घालताना रोजच्यासारखं देवीचं नाव घेतलं. वीस मिनिटांनी ताट त्याच्यासमोर आलं.

त्याने थरथरत्या हाताने पाय दाबून धरला, सुतार फळी दाबतो तसा, आणि डाव्याने मोडायला घेतला. पहिला पाय निसटून चुलीखाली गेला. व्हिनेगर सदऱ्यावर सांडलं. समोर बसलेल्या युएचिनची बोटं मांडीवर आपोआप हलत होती. तिने एका हाताने दुसरा घट्ट धरला आणि पुढे केला नाही. तिसऱ्या पायातून मांसाचा एक वाकडातिकडा तुकडा बाहेर आला. त्याने तो खाल्ला, आणि मग बोलायला लागला.

दवाखान्यात तो पांघरुणाखाली चादरीच्या चुण्या धरून मोडत बसायचा, डाव्या हाताने, खेकड्याचा पाय मोडतात तशा. नर्सला वाटलं याला आचके येतात, ती डॉक्टरांना घेऊन आली. वसंतापर्यंत रोज करून पाहिलं. जमेना, तेव्हा सोडून दिलं.

"मला का नाही सांगितलं?"

"खेकडा कुठे होता समोर?"

अडीच तासांच्या जागी चार तास लागले. पहिला खेकडा गार झाला, तेव्हा तिने बाकीचे पुन्हा वाफेवर ठेवले, आल्याचा चहा करून दिला. तो बोलत होता, ती ऐकत होती, आणि स्वयंपाकघर त्या गोड, ओल्या वासाने भरून गेलं होतं. तिने खिडकी उघडली नाही.

नंतर वास जावा म्हणून शेवंतीच्या पाल्याच्या पाण्यात त्याची बोटं तिने एकेक करून धुतली आणि संध्याकाळची उदबत्ती लावायला गेली.

"तोंडात घातला नाही," ती देवीला हळूच म्हणाली. "वासाचं मी काही बोलले नव्हते."