रिकाम्या बंबाचा आवाज

टक्.

धाकटा नुकताच झोपला होता. घर एवढं शांत होतं, की परसातला तो आवाज थेट आत आला. पुन्हा, टक्. पाण्यानं भरलेला बंब गुणगुणतो. टकटकतं ते कोरडं तांबं. आंघोळी तर सकाळीच उरकलेल्या आणि बंबातलं शेवटचं गरम पाणी मीच बाळासाठी काढून घेतलं होतं.

मांडीवरचं तांदळाचं ताट खाली ठेवून परसात गेले.

माझे सासरे, आबा, बंबापुढं पाटावर बसलेले. बंबाच्या तोंडातून हातभर जाळ निघत होता. बागेच्या छाटणीच्या काड्या वाळल्या की भडाभडा पेटतात. लाकूड धरेपर्यंत मूठभर काड्या, मग नुसतं बाभळीचं लाकूड, हा नियम आबांचाच. आज त्यांनी काड्यांची अख्खी मोळी रिकामी केली होती. शेजारी माझी थोरली, शिवांजली, खांद्यावर टॉवेल टाकून उभी होती. तिचे केस अजून सकाळच्या आंघोळीनं ओले होते.

"पानी कमी झालंय वाटतं," म्हणत आबांनी गार पाण्याची बादली उचलली.

मी बादलीची कडी धरली. "आवं आबा, थांबा. आत्ता पानी वतू नगा."

"का गं? तापलाय म्हनून तर वततोय."

"लय तापलाय. वाफ तोंडावर यील. शिवू, तू पायरीवर जाऊन बस."

त्यांनी बादली सोडली नाही. पलटणीत होते तेव्हाची पकड अजून हातात आहे. मग मी म्हटलं, "मी नवी आले तवा तुमीच न्हाई का शिकवलं? आधी वारा बंद करायचा, जाळ आपसूक बसतो."

"मी?" ते जरा थांबले. "आसंल. मीच सांगितलं आसंल."

बादली खाली आली. मी बंबाखालच्या राखेच्या तोंडाला वीट लावली, फटीत ओली राख दाबली आणि लांब सांडशीनं वरच्या तोंडावर जुना तवा ठेवला. धूर कोंडला, दोघांनाही ठसका लागला. जाळ मेला. तांबं मात्र बराच वेळ टकटकत राहिलं, मग तेही थांबलं. पार निवल्यावर मी तांब्यातांब्यानं पाणी घातलं. सांध्यांचा डाक कुठं सुटला नव्हता, थेंबही गळला नाही.

"पोरीच्या शाळंला उशीर झाला की," आबा म्हणाले.

"आज रविवार हाय, आबा."

"मग आधी सांगायचं न्हाई व्हय? फुकट काड्या जाळल्या."

शिवांजली खुदकन हसली. मग तेही हसले.

मला हसू आलं नाही. जयराज, माझा नवरा, सैन्यात लांबच्या पोस्टवर आहे. मागं आबांनी चुलीवरचं दूध विसरून पातेलं जाळलं, तेव्हा तो फोनवर म्हणाला होता, "आता पुन्हा काय झालं तर बंब मोडीत घालू आणि आबांना इस्लामपूरला अक्काकडं ठेवू. तुला दोन पोरं आहेत." चुकीचं काय बोलला? पण आबा अक्काकडं एकदाच राहिले होते. तिथं सारखी पिशवी भरून बसायचे, 'लेकीच्या दारात किती दिवस बसू' म्हणायचे. इथं सकाळी बंब पेटवला की त्यांचा दिवस सुरू होतो. आणि शिवांजली बादलीपासून हातभर अंतरावर उभी होती, हेही मी पाहिलेलं.

उद्यापासून बंबात पाणी मी भरायचं आणि काड्या कुलपात ठेवायच्या, असं ठरवलं. ते पुरेल का, माहीत नाही.

संध्याकाळी जयराजचा फोन आला. नेहमीसारखा शिवांजलीनं आधी घेतला. शाळा, भाऊ, मांजर, सगळं सांगून झालं. पलीकडून त्याचा आवाज मला ऐकू येत होता, "आणि आबा काय म्हणतायत? बंब बिंब नीट पेटवतात ना?"

आबा सोप्यात उद्याच्या बंबासाठी बाभळीची ढलपी निवडत होते.

शिवांजलीनं फोन छातीशी दाबून धरला, माझ्याकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "आई, काय सांगू?"