लाइन मोकळी झाली

"ये गरम तो नहीं होता?" बाबांनी विचारलं.

दुकानदाराने हातातला स्विच उलटा करून दाखवला. "अंकल जी, छोटा सा डिब्बा है. इसमें गरम होने को है क्या?"

"वॉरंटी?"

"एक साल."

"एकच वर्ष म्हणतोय," बाबा माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, जशी काही ती मीच ठरवली होती.

दिल्लीच्या नेहरू प्लेसमधल्या कंप्यूटर बाजारात आम्ही सकाळी आलो होतो आणि आता जेवणाची वेळ टळून गेली होती. पहिल्या दुकानात बाबांना डब्याचा कोपरा चेपलेला दिसला. दुसरीकडे माणूस पक्कं बिल द्यायला कां-कूं करत होता. त्यापुढचा दुकानदार तर म्हणे बोलताना नजरेला नजर देत नव्हता. सरकारी नोकरीत जन्मभर खरेदीच्या फायली तपासलेला माणूस बाजारात बरोबर आणायचाच नसतो. पण ते स्वतःहून म्हणाले, येतो, आणि मीही कौतुकाने हो म्हटलं. आता मी भोगत होते.

हवं होतं ते काही जगावेगळं नव्हतं. घरी दोन कंप्यूटर. एक नोएडाच्या कंपनीने दिलेला. अमेरिकेतल्या डॉक्टरांची बडबड कानाला लावून मी त्यावर टाइप करते. दुसरा माझा, एमसीएच्या अभ्यासाचा, कारण कंपनीच्या मशीनवर स्वतःचं काही केलेलं चालत नाही. दोघांत मिळून एक जुना मॉडेम, टेलिफोनच्या तारेवर चालणारा. तो आधी शिट्ट्या मारतो, मग घसा खरवडतो, मग कुठे नेट लागतं. आणि नेट लागलं की घरचा फोन एंगेज. त्यातही फाइल अर्धी गेली की लाइन तुटते. असंच चाललं तर काम दुसऱ्या कुणाला देऊ, असं कंपनीने स्पष्ट सांगितलं होतं. आमच्या द्वारकेच्या सोसायटीत केबलवाल्या हरीशने नुकतीच नेटची तार आणली होती. दोन नेटवर्क कार्डं आणि ती तार दोन्हीकडे वाटणारा एक स्विच घेतला की दोन्ही मशीनना नेट आणि फोन मोकळा. यात एवढा विचार करण्यासारखं काय होतं?

"मी काय म्हणतो समता," बाबा म्हणाले, "नवीन मॉडेमच घे ना. चांगला, फास्टवाला. टेलिफोनची तार आपल्याकडे आहेच."

"बाबा, मॉडेम कितीही चांगला घेतला तरी फोन एंगेजच राहणार. आईचं रोजचं रडगाणं तुम्हीही ऐकता ना?"

आईचं रडगाणं एकच. माझा मोठा भाऊ संघपाल कॅनडात असतो. आधी दर रविवारी फोन करायचा, मग नुसता चौदा एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला, मग तेही थांबलं. भांडण वगैरे काही झालं नव्हतं. झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. पण आई म्हणते, "तो बिचारा करत असेल गं. तुझं नेट चोवीस तास चालू, त्याला लागणार कसा?" आल्यागेल्यासमोर म्हणते, वरच्या मजल्यावरच्या अरुणाकाकूंसमोर तर हटकून म्हणते, "आमच्या समतापायी पोराचा फोन लागत नाही." मी ऐकून घेते, पण मला राग येतो. खूप येतो. लाइन मोकळी झाली की हा आरोप तरी माझ्या डोक्यावरून उतरणार होता.

"भैया, ये पैक कर दो," मी म्हटलं.

"थांब जरा. आधी चहा घेऊ."

खाली चौकात चहाच्या टपरीशी आम्ही उभे राहिलो. बाबांनी एक घोट घेतला आणि कपात बघत राहिले.

"फोन मोकळा झाला," ते म्हणाले, "आणि तरी नाही आला, तर?"

मी हातातला कप टपरीच्या फळीवर ठेवला.

"सध्या ती तुझ्यावर चिडते. तुझ्यावर चिडली की जेवते नीट, झोपते नीट. उद्या कुणावर चिडेल?"

"म्हणजे मी जन्मभर बोलणी खायची का?"

"तसं नाही गं."

"आणि माझं काम? परीक्षा?"

"तेही आहेच की," बाबा म्हणाले. त्यांनी कप संपवला, खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं आणि माझ्याआधी जिना चढून वर गेले. मी पोचले तेव्हा ते त्याच दुकानदाराला सांगत होते, "पक्का बिल बनाइए." पिशवी घरापर्यंत त्यांनीच धरली.

हरीशने गॅलरीतून तार आत घेतली, मी कार्डं बसवली, स्विचवर हिरवे दिवे लुकलुकायला लागले. एवढी मोठी फाइल एका दमात गेलेली बघून मला हसूच आलं. हॉलमध्ये जाऊन मी आईला म्हटलं, "घे. आता फोन चोवीस तास मोकळा. आता बोल."

आईने रिसीव्हर कानाला लावून पाहिला. मग फडकं ओलं करून आणलं आणि सगळा फोन पुसून काढला.

त्यानंतर ती हॉलमधून हलेना. भाजी निवडायला तिथे, दुपारी आडवी व्हायला तिथेच. आंघोळीला जाताना म्हणायची, "लक्ष ठेव गं." भाजीवाल्याशी घासाघीस गॅलरीतूनच. रिंग वाजली की पदराला हात पुसत धावायची, आणि कुणी क्रेडिट कार्डवाली मुलगी असायची, नाहीतर राँग नंबर. मधूनच उठून रिसीव्हर उचलायची, टोन आहे ना बघायची, पुन्हा ठेवायची. विहारातली रविवारची वंदना तिने कधी चुकवली नव्हती; आता पाय दुखतो म्हणाली. जेवण अर्ध्यावर आलं. मला मात्र एका शब्दाने बोलत नव्हती. इतकी वर्षं मला हेच हवं होतं, आणि आता ते सहन होईना.

न राहवून मी संघपालला मेल केला. फोन आता कधीही लागतो, आई वाट बघते, असं लिहिलं. त्याचं उत्तर आलं, "ग्रेट यार. या वीकएंडला नक्की करतो." वीकएंड आला आणि गेला. मी हे घरात कुणाला सांगितलं नाही. बाबांनीही काही विचारलं नाही, म्हणजे त्यांना कळलं होतं.

पुढच्या रविवारी मी कामाला बसले होते. दारात आई येऊन उभी राहिली, पांढरी साडी नेसून.

"तुझं ते जुनं टाकून दिलंस का?"

"कुठलं जुनं?"

"शिट्ट्या मारणारं."

"माळ्यावर आहे. का?"

"काढ आणि लाव."

"आई, त्याची आता गरजच नाही. या नव्या स्विचमुळे..."

"मला कळतं ते. अडाणी नाही मी." तिने पदर सारखा केला. "मला वंदनेला जायचंय. फोन मोकळा असला की माझ्याच्याने घर सोडवत नाही. एंगेज असला की जाता येतं."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं, स्टूल आणलं आणि माळ्यावरून मॉडेम काढला. बनियनलाच पुसून माझ्या हातात दिला. मी फोनची तार त्यात खोचली आणि डायल केलं. शिट्टी वाजली, मग खरखर, मग पुन्हा शिट्टी. आई एक पाय चपलेत घालून ऐकत उभी होती. आवाज पूर्ण थांबल्यावर तिने दुसरी चप्पल घातली.

बाहेर जिन्यात अरुणाकाकू तिची वाट बघत होत्या.

"बघा ना," आई त्यांना मोठ्याने म्हणाली, "लावलं हिने परत. पोराला फोन करायचा असला तर लागणार कसा?"

"सॉरी आई," मी आतून म्हटलं. "काम आहे माझं."

"असू दे, चालू दे." ती दारातच जरा थांबली. "मी आले की बंद कर."

आणि लिफ्टची वाट न बघता दोघी जिन्याने खाली उतरल्या.