दोन पिनांची अदलाबदल

माझ्या हातचा एकही सर्किट बोर्ड आजवर पहिल्या फटक्यात चाललेला नाही. हा चालला, आणि तेव्हापासून मला चैन नव्हतं.

काल संध्याकाळी तो आम्ही बाबांच्या कारखान्यात, ते चालवतात त्याच प्रेसवर बसवला. पत्र्याला आकार देणारी प्रेस आहे ती. दट्ट्या खाली आला की पत्रा दबतो, आणि मध्ये हात असला तर हातही. वीस वर्षांपूर्वी बाबांच्या डाव्या हाताची दोन बोटं तिथेच गेली. आता मालकांनी दट्ट्यापुढे उजेडाचा पडदा बसवून घेतलाय. दोन खांब आणि त्यांच्यामधून जाणारे, डोळ्यांना न दिसणारे किरण. हातानं किरण अडले की दट्ट्यानं जागच्या जागी थांबायचं. त्याला थांबवायचं काम माझ्या बोर्डावरच्या चिपचं. आमच्या चार माणसांच्या कंपनीला हे काम मिळालं तेही बाबा मालकांच्या मागे लागले म्हणून.

"आज अकराला मालकांसमोर मी स्वतः हात घालून दाखवणार," सकाळी चहा पिताना बाबांनी जाहीर केलं.

"पुठ्ठा घाला की!"

"माझ्या पोरीनं केलंय, पुठ्ठा कशाला? आणि उजवा घालणार. डाव्यात आता जाण्यासारखं उरलंय काय?"

आई कप तसाच ठेवून आत निघून गेली.

ऑफिसात आले तरी मनातली पाल चुकचुकतच होती. काल पन्नास वेळा दट्ट्या वर-खाली झाला, सगळे दिवे हिरवे. इतकं गुणी वागायला काय झालं होतं त्या बोर्डाला? शेवटी त्याच्याच जोडीचा दुसरा बोर्ड कपाटातून काढला आणि मीटर घेऊन बसले.

ही चिप म्हणजे आतून कोरी पाटी असते. कुठला सिग्नल तिच्या कुठल्या पिनेतून आत येणार, हे आपणच यादी करून तिला सांगायचं. पडदा बेचाळीसवर, प्रेसच्या तेलाचा दाब त्रेचाळीसवर, असं. यादी चुकली तरी ती तक्रार करत नाही. सांगाल त्या पिनेचं मुकाट ऐकते. मी मीटरची एक सुई पडद्याच्या जोडणीवर ठेवली, दुसरी बेचाळीसवर. जोड असला की मीटर वाजतो. वाजला नाही. सुई जरा सरकवून त्रेचाळीसवर नेली, तर लगेच वाजला.

तेवढ्यात लेआउटवाला आला. बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा हाच आखतो, म्हणून सगळे त्याला तेच म्हणतात.

"काय गं, बोर्डाची नाडी बघतेस?"

"बेचाळीस-त्रेचाळीसचं काय केलंयस तू?"

"अगं, रेषा एकमेकींवरून जात होत्या, म्हणून अदलाबदल केली. तुला सांगितलं होतं की! नवी यादीसुद्धा पाठवली."

सांगितलं होतं. नाही म्हणाले तर जीभ झडेल माझी. गेल्या आठवड्यात मी फोनवर बाबांशी बोलत होते, तेव्हा हा टेबलाशी येऊन सांगून गेला आणि मी मान डोलावली. यादी मी उघडलीसुद्धा नाही. पडद्याची चाचणी झाली होती ती हातानं तारा जोडलेल्या जुन्या नमुन्यावर. नव्या बोर्डात मी तीच जुनी यादी भरली आणि प्रेस नीट चालते एवढंच बघितलं. चालणारच! सगळं आलबेल असतं तेव्हा पडदाही 'ठीक' म्हणतो आणि तेलही 'ठीक' म्हणतं. फरक कळणार तो हात मध्ये गेल्यावरच. तेव्हा चिपला वाटणार, तेलाचा दाब कमी झालाय. आणि तेल कमी झालं तर दट्ट्या चालू ठेवून नुसता पिवळा दिवा लाव, असं मीच तिला शिकवलं होतं.

मी घड्याळ बघितलं. दहा पंचवीस झाले होते.

बाबांचा फोन वाजून वाजून बंद झाला. सगळ्यांचे फोन गेटवर पेटीत ठेवतात. कारखान्याच्या ऑफिसात लावला, तर बाई म्हणाली, "साहेब खाली ट्रायलला निघालेत, आल्यावर निरोप देते," आणि फोन ठेवला. लेआउटवाल्यानं न बोलता स्कूटरची किल्ली उचलली. लॅपटॉप छातीशी धरून मागे बसले आणि वाटेत दिसेल त्याला शिव्या दिल्या. त्यालाही दिल्या.

"मला नंतर दे," तो म्हणाला, "आत्ता घट्ट धर."

गेटवर वॉचमन रजिस्टर पुढे करत होता. मी तशीच आत पळाले. प्रेस चालू होती. भोवती आठ-दहा माणसं, मालक, आणि बाबा बाही वर सारत होते. मी ओरडले, पण त्या धडधडीत कुणाला ऐकू जाणार? सरळ जाऊन प्रेस थांबवायच्या लाल बटणावर हात मारला.

"काय तमाशा लावलायस?" बाबांचा चेहरा लाल झाला होता.

"पडदा काम करत नाहीये. चूक माझी आहे."

मालकांना ते खरं वाटेना. मी पुठ्ठा मध्ये धरून प्रेस चालू करायला लावली. दट्ट्या खाडकन खाली आला, पुठ्ठा चेपला आणि वर पिवळा दिवा लागला. बाबांनी तो ओढून बाहेर काढला आणि उलटून बघितला.

यादीतले दोन आकडे बदलायला अर्धं मिनिटही लागलं नाही. चिपमध्ये नवीन भरून होईपर्यंत आठ मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ मी येरझाऱ्या घातल्या. लेआउटवाल्यानं राहिलेली एकूण एक पिन मीटरनं तपासली. मग मी डावीकडून, उजवीकडून, कोपऱ्यातून पंधरा वेळा पुठ्ठा घातला. पंधराही वेळा दट्ट्या वरच थांबला.

"झालं तर मग," मालक म्हणाले.

"झालं कसं?" बाबा पुढे आले. "आता बरोबर आहे?"

"आहे. पण हात नको, बाबा."

"काल संध्याकाळीही बरोबरच म्हणाली होतीस."

खरंच होतं ते.

"उद्यापासून इथे तिघं पाळीपाळीनं उभे राहणार. त्यांना काय पुठ्ठ्याच्या भरवशावर उभं करू?" बाबा म्हणाले.

मी दंड धरायच्या आत त्यांनी प्रेस चालू केली आणि हात घातला. मी किंचाळले. दट्ट्या हाताच्या वीतभर वर थांबला.

बाबा दट्ट्याकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते. माझं डोकंच फिरलं. मी त्यांचं मनगट धरून हात बाहेर ओढला. सगळ्यांदेखत त्यांना नको नको ते बोलणार होते, तोच जाणवलं. माझ्या मुठीत त्यांचा हात लटलट कापत होता. त्यांनाही माझी खात्री नव्हती, आणि तरी त्यांनी तो घातला होता.