तपतीची पहिली चुगली

रजनीला कामात अर्थाशी देणंघेणं नव्हतं. स्वीडनच्या एका विद्यापीठातून व्हिडिओ यायचे. त्यात बहिरी मुलं आईबापांशी हातांनी बोलत. हात कुठल्या क्षणी उचलला आणि कुठे थांबला, एवढी खूण तिने लावायची. लहान मुलं ही हातांची भाषा कशी शिकतात आणि पुढे स्वीडिश वाचायला कशी लागतात, हे तिथले लोक शोधत होते. बुऱ्हाणपुरात घरबसल्या असं काम मिळणं सोपं नव्हतं. पण व्हिडिओतल्या प्रत्येक वाक्याखाली इंग्रजीत अर्थ लिहिलेला असे, आणि तो वाचल्याशिवाय तिला राहवत नसे.

त्या दिवशीच्या व्हिडिओत अडीच वर्षांची एक पोर आईला सांगत होती की मांजर भिंतीवरून चाललं, घसरलं आणि पडलं. एका तळव्यावरून तिची दोन बोटं चालत गेली आणि काठावरून खाली कोसळली. आई हसली. रजनीने खूण लावली, पुसली, पुन्हा लावली. मग उठून पाणी प्यायली. तहान नव्हतीच.

तिची तपती साडेचार वर्षांची होती. जन्मापासून बहिरी. कानात मशीन होतं, आठवड्यातून तीनदा बोलण्याचा क्लास होता. तरी तोंडून निघत ते 'पा', 'मा' आणि रागाचा एक आवाज. क्लासच्या सरांनी बजावलं होतं, "इशारे करू देऊ नका, आदत पडेल. मग बोलणार नाही." म्हणून रोज सकाळी सासूबाई, कोकिळाबाई, तपतीचे दोन्ही हात मांडीत दाबून धरत आणि रजनी पेला दाखवून म्हणे, "पाणी. बोल, पा-णी." तपती हात सोडवायला धडपडे. तरी रजनी ते धरायला लावी.

ती पुन्हा लॅपटॉपपाशी आली, तर तपती खुर्चीवर चढून स्क्रीनला नाक लावून बसलेली. व्हिडिओ दुसऱ्या कोणाला दाखवायचा नाही, असं रजनीने सही करून लिहून दिलं होतं. तिने झटकन झाकण बंद केलं. तपतीने तिचा हात ओढला, तळवा उघडला आणि त्यावरून दोन बोटं चालवत नेली. काठावर थांबली. बोटं पडली. मग तिने स्वतःच्या गुडघ्यावरच्या काळ्यानिळ्या डागावर हात ठेवला.

तो डाग दोन दिवस घरात कोडं होऊन बसला होता. रजनीने विचारून पाहिलं, रागावून पाहिलं. कोकिळाबाई तर म्हणाल्या होत्या, "मी डोळ्यात तेल घालून बसली होती, कुठं पडली नाही ती."

"जिन्यावरून?" रजनीने बोटाने जिना दाखवला. तपतीने जोरजोरात होकाराची मान हलवली. मग तिने आजीकडे बोट केलं, गालाखाली हात घेतला, डोळे मिटले आणि तोंड उघडं टाकलं.

कोकिळाबाई दारातून बघत होत्या. "हाय रे! माझी चुगली करून राह्यली ही!"

"आई, तुम्ही झोपल्या होत्या?"

"डुलकी लागली असंल." त्या मटकन खाली बसल्या, हसल्या आणि हसता हसता पदर तोंडाला लावला. "साडेचार वर्षांत पहिल्यांदा काही सांगितलं गं पोरीनं."

संध्याकाळी नवरा, भूषण, मिलमधून आला. सगळं ऐकून म्हणाला, "क्लास बंद नाही करायचा. अधांतरी लटकेल ती." भाजी करपली. व्हिडिओ मुलीने पाहिल्याचं तिने स्वीडनला कळवून टाकलं, आणि दोन दिवस दर दहा मिनिटांनी मेल उघडून पाहिला.

प्रकल्पाच्या प्रमुख मालिन यांनी व्हिडिओ कॉल लावला. आवाज इंग्रजीत येत होता, पण मालिन यांचे ओठ मिटलेले होते. हात चालत होते. आवाज शेजारी बसलेल्या दुभाषी बाईंचा होता. प्रोफेसर बाई स्वतः बहिरी आहेत, हे रजनीला आठ महिन्यांत कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नव्हतं.

"तो व्हिडिओ तुमच्याकडून काढून घ्यावा लागेल," मालिन म्हणाल्या. "त्या मुलीच्या आईलाही कळवावं लागेल."

"माझी चूक आहे," रजनी म्हणाली. मग घाईघाईने, "मॅडम, मी उरलेल्या व्हिडिओंतून खुणा शिकून तिला शिकवू?"

"नको. आमच्या खुणा इथल्या आहेत. तुमच्याकडे कोणाशी बोलेल ती? तिथली बहिरी माणसं शोधा. मी वर्षाची असताना माझी आई खुणा शिकायला गेली होती. तिचे हात अजून अडखळतात. चालतं."

शोधाशोध करताना गावातल्याच लालबाग भागातल्या एका टायपिंगच्या दुकानातली सविता सापडली. पंचविशीची, बहिरी, इंदूरच्या वसतिगृहात राहून भारतीय सांकेतिक भाषा शिकलेली. तिने मोबाइलवर लिहून दाखवलं, "रविवारी आणा. तुम्हालाही शिकावं लागेल."

रविवारी भूषण आला नाही. कोकिळाबाई आल्या. तपती आधी आजीच्या मागे दडली. सविताने तिच्याकडे न बघता बिस्किटाचा पुडा फोडला, एक खाल्लं आणि हाताने काहीतरी केलं. थोड्या वेळाने तपती पुढे सरकली. तासाभराने दोघींचे हात असे भराभर चालले होते की रजनीची नजर पुरेना. सविता एकदम हसली, तपतीही हसली, आणि दोघींनी वळून रजनीकडे पाहिलं.

"काय म्हणाली?" रजनीने विचारलं. "अगं, काय म्हणाली ती?"

ऐकू येणारं तिथे कोकिळाबाईंवाचून कोणी नव्हतं, आणि त्यांनाही काही कळलं नव्हतं. रजनीने खुर्ची पुढे ओढली.