गिअरबॉक्स कुठे तुटला?

शेजाऱ्याशी खोटं बोलताना आपली जीभ अडखळते. घरच्यांशी बोलताना तर चेहराच चुगली करतो. पण विमा कंपनीशी बोललेलं खोटं आपण खोट्यात धरतच नाही! त्याला आपण व्यवहार म्हणतो, हुशारी म्हणतो, आणि ज्याला ते जमत नाही त्याला भोळसट म्हणून मोकळे होतो. ही गोष्ट अशाच एका हुशारीची आहे. ती वाचताना तुम्ही-आम्ही कुणीच फार ताठ मानेने बसू नये.

गोष्टीतला माणूस गॅरेजवाला. सगळे त्याला उस्ताद म्हणत. आठवडाभर लोकांच्या गाड्या दुरुस्त करायच्या आणि सुट्टीला आपली रेसची गाडी मैदानात उतरवायची, हा त्याचा नाद. भंगारातला सांगाडा आणून त्याने ती गाडी स्वतःच्या हातांनी उभी केली होती. बायको तिला 'सवत' म्हणायची, पण शर्यतीच्या दिवशी चहाचा थर्मास घेऊन सगळ्यात आधी जीपमध्ये बसायची तीच. रेसची गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, म्हणून ती ट्रेलरवर चढवून, पट्ट्यांनी आवळून, जीपमागे ओढत न्यावी लागते.

त्या दिवशी शर्यत निम्मी झाली आणि गाडीच्या पोटात खडखडाट झाला. गिअरबॉक्स गेला! एकही गिअर पडेना. शेवटी मित्रांनी आणि बायकोने खांदे लावून गाडी ढकलत ट्रेलरवर चढवली. उस्तादचं तोंड एवढंसं झालं होतं, म्हणून परतीला जीप बायकोने चालवली.

शहरात शिरल्यावर ते एका सिग्नलला थांबले, आणि मागून बेकरीची एक व्हॅन येऊन ट्रेलरला धडकली. ट्रेलरचे दिवे फुटले, रेसच्या गाडीचा मागचा पत्रा आत गेला. व्हॅनमधून पन्नाशीचा ड्रायव्हर घाईघाईने उतरला.

"चूक माझीच," तो म्हणाला. "हळूच होतो हो, पण रस्ता ओला होता. ब्रेक लावला तरी गाडी सरकली. कुणाला लागलं नाही ना?"

तो इतका भेदरला होता की बायकोने त्यालाच पाणी दिलं. नंबर, विम्याची माहिती, सगळं रीतसर लिहून घेऊन मंडळी घरी आली.

दुसऱ्या दिवशी शेजारचा टायरवाला गॅरेजात डोकावला आणि पत्रा बघून हसायलाच लागला.

"अरे, नशीब उघडलं की तुझं! मैदानातल्या मोडतोडीचा विमा कुणी देत नाही. पण हा धक्का मैदानाच्या फाटकाबाहेर बसलाय. गिअरबॉक्सपण ह्यातच घाल. बेकरीचा विमा भरेल. कुणाच्या बापाचं काय जातंय?"

उस्ताद मुळात लबाड नव्हता. पार्ट बदलला की जुना पार्ट कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवणारा माणूस. पण नवा गिअरबॉक्स घ्यायची ऐपत नव्हती, आणि गिअरबॉक्स नाही म्हणजे अख्खा हंगाम घरी. मन एकदा घसरायला लागलं की त्याला कारणं कमी पडत नाहीत. सगळेच करतात, हे तर सगळ्यात सोयीचं!

बेकरीच्या विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. वाकून, टॉर्च मारून त्याने सगळं पाहिलं.

"गाडी ट्रेलरवर कशी चढवली होती? चालवत की ढकलत?"

"चालवत," उस्ताद म्हणाला. "गिअर कसे लोण्यासारखे पडत होते."

"पण पत्रा तर फारसा गेलेला नाही."

"गाडी गिअरमध्ये ठेवून बांधली होती ना, झटका थेट आत गेला."

सर्व्हेअरने मान हलवली. "रेसच्या गाड्यांतलं तुम्हालाच जास्त कळणार. पण मग धक्का जबर असला पाहिजे. व्हॅन चांगलीच वेगात असणार."

हे बोलायचं उस्तादने ठरवलं नव्हतं. पण आता नाही म्हणावं, तर आधीचं सगळं कोसळत होतं.

"हो," तो म्हणाला, "वेगातच होता तो."

"जीप तुमच्या मिसेस चालवत होत्या ना? परवा त्यांच्याशीपण बोलून घेतो," असं म्हणून सर्व्हेअर गेला.

बायको गॅरेजाच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालताना तिने विषय काढला.

"अहो, माझा खांदा अजून दुखतोय त्या सवतीला ढकलून. आणि म्हणे चालवत चढवली!"

"अगं, सगळेच करतात. आणि कंपन्या काय आपल्याला कमी लुटतात?"

"कंपनीचं राहू द्या. धक्का बसला तेव्हा थर्मासच्या झाकणात माझा चहा होता, समोर ठेवलेला. हिंदकळला, पण सांडला नाही. आणि त्या माणसाबद्दल तुम्ही 'वेगात होता' म्हणालात?"

"वेगाचं सर्व्हेअरने काढलं. मी नाही."

"काढलं त्यांनी, पण हो कोण म्हणालं? कंपनी म्हणजे काय नुसती पाटी असते का हो? तिच्या पलीकडे कुणीतरी माणूस असतोच. तुम्ही लोखंडाबद्दल खोटं बोलायला गेलात आणि माणसाबद्दल बोलून बसलात!"

"तुला माझ्या नादाची किंमतच नाही," उस्ताद फणकारला. ज्या बाईने प्रत्येक शर्यतीला धूळ खाल्ली, तिला तो हे म्हणाला!

बायकोने हातातला शर्ट खाली ठेवला. "परवा मला विचारतील तेव्हा मी खरं तेच सांगणार. पण त्याआधी तुम्ही सांगितलंत तर मला तुमच्याकडे नीट बघता येईल." एवढं बोलून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात बेकरीचा ड्रायव्हर आला. पायी आला.

"काका, व्हॅन कुठाय?" उस्तादने विचारलं.

"काल सर्व्हेअरने बेकरीत सांगितलं, आणि मालकांनी चावी काढून घेतली. वेगात गाडी चालवणारा माणूस नको म्हणाले. त्यांचंही चूक नाही." काका दाराशीच उभे राहिले. "मी भांडायला नाही आलो. तुमची हातांनी बांधलेली गाडी माझ्यामुळे गेली, म्हणून माफी मागायला आलोय. आणि एक विचारायचं होतं. मी किती वेगात होतो हो?"

उस्तादने हातातला पाना खाली ठेवला.

"मला खात्री होती, मी हळू होतो," काका सांगू लागले. "आयुष्य गेलं माझं व्हॅन चालवण्यात. पण तुमच्यासारखा जाणकार म्हणतोय म्हटल्यावर माझाच अंदाज चुकला असणार. वय झालं असेल. आता रस्ता ओलांडतानासुद्धा थबकतो मी. गाडी लांब आहे की जवळ, तेच कळेनासं झालंय. ट्रेलरच्या जागी एखादं पोर असतं तर? घरी सांगून टाकलंय, आता स्टिअरिंगला हात लावणार नाही."

अरेरे! उस्तादला वाटलं होतं, आपण कंपनीच्या तिजोरीतून चार पैसे काढतोय. इथे तर एका माणसाचा स्वतःवरचा भरवसाच उचलून आणला होता!

"काका, बसा," तो कसाबसा म्हणाला. "तुम्ही हळूच होता. गिअरबॉक्स मैदानातच तुटला होता. मी खोटं बोललो."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. चिडतील, शिव्या देतील, असं उस्तादला वाटलं. शिव्या परवडल्या असत्या.

"खरं सांगताय?" काकांनी हळूच विचारलं. "की माझी दया आली म्हणून म्हणताय?"

उस्तादची मान खाली गेली. त्याचं खोटं काकांनी एका दमात मानलं होतं आणि खरं मानायला ते तयार नव्हते!

त्याने तिथेच, काकांसमोर, सर्व्हेअरला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. पलीकडचा आवाज एकदम कोरडा झाला. "आता तुमच्या पत्र्यावर तरी विश्वास कसा ठेवायचा? सगळं पुन्हा तपासावं लागेल. कदाचित काहीच मिळणार नाही."

"चालेल," उस्ताद म्हणाला.

मग तो काकांना घेऊन बेकरीत गेला आणि मालकापुढे सगळं पुन्हा कबूल केलं. मालकाने त्याला चांगलंच फैलावर घेतलं आणि व्हॅनची चावी काकांपुढे धरली. काकांनी हात पुढे केला नाही.

"राहू द्या, मालक. मला नाही जमायचं."

उस्तादने चावी घेतली आणि काकांना बेकरीमागच्या अंगणात नेलं. व्हॅन तिथेच उभी होती. त्याने काकांना आत बसवलं आणि स्वतः व्हॅनपासून काही पावलं दूर, भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"या, काका. माझ्यापर्यंत या आणि थांबा."

"अहो, वेडबिड लागलंय का तुम्हाला? मागे भिंत आहे!"

"माहीत आहे. तुमचा अंदाज बरोबर आहे, हेही माहीत आहे. या!"

व्हॅन सुरू झाली. काकांच्या कपाळावर घाम होता. गाडी हळूहळू पुढे आली आणि उस्तादच्या गुडघ्यांच्या अलीकडे अलगद थांबली. काकांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि ते रडू लागले. उस्ताद जागचा हलला नाही.

विम्याचा निकाल अजून लागलेला नाही. सर्व्हेअरला बायकोनेही सगळं खरं सांगितलं. रेसची गाडी गॅरेजाच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकून ठेवली आहे, आणि हा हंगाम उस्तादने बाहेरूनच बघितला. काका पुन्हा व्हॅन चालवतात. पण सिग्नलला पुढच्या गाडीमागे अजूनही मोठी जागा सोडून थांबतात, आणि मागचे हॉर्न वाजवत राहतात. ती जागा कुणामुळे सुटते, हे उस्तादला ठाऊक आहे.

म्हणून, मंडळी, पुढच्या वेळी कुणी खांद्यावर हात टाकून म्हणेल, "कुणाच्या बापाचं काय जातंय?", तेव्हा मान डोलावू नका. ज्याचं जातं तो आपल्याला दिसत नाही, एवढंच. आणि भरपाई लोखंडाची होते. माणसाचा मोडलेला भरवसा भरून द्यायला कुठलाही विमा पुढे येत नाही. तिथे आपल्यालाच भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं!